एंजल्स कॅम्पची बेडूकउडी: खेळ की छळ?

तळ्याकाठी (धागा यांचा)

कॅलिफोर्नियातल्या कॅलव्हेरस काउंटीत एंजल्स कॅम्प नावाचं गाव आहे, वस्ती चार हजारांच्या आत. दर मे महिन्यात तिथे काउंटीची जत्रा भरते आणि जत्रेचा मान असतो बेडकांच्या लांब उडीच्या शर्यतीला. योसेमिटीच्या वाटेवर आम्हाला ती लागली. दुपारभर थांबलो आणि व्हिडिओ घरच्या व्हॉट्सॲप ग्रूपवर टाकले. लगेच चुलत बहिणीचा मेसेज: ‘मुक्या जिवाला घाबरवायचं आणि टाळ्या पिटायच्या, यात कौतुक कसलं?’ ग्रूपमध्ये दोन तट पडले. मला बहिणीचं म्हणणं पटलेलं नाही. ही शर्यत चालू राहावी असं माझं मत आहे. का ते मांडतो, तुम्हीही बोला.

आधी शर्यत कशी होते ते सांगतो. मंचावर कमळाचं पान म्हणून एक हिरवी गोल चकती असते. बेडकाचे चारही पाय चकतीवर टेकले की सोडणाऱ्याने हात काढायचा. त्याला जॉकी म्हणतात. मग त्याने ओरडावं, पाय आपटावेत, मागून झेप घ्यावी, काहीही करावं, पण बेडकाला हात लावायचा नाही. तीन उड्या झाल्या की चकतीपासून तिसरी उडी पडली तिथपर्यंतचं अंतर सरळ रेषेत मोजतात. बेडूक दुसऱ्या उडीला तिरका वळला की सगळं मुसळ केरात. विक्रम 1986 चा आहे. ‘रोझी द रिबिटर’ नावाच्या बेडकीने तीन उड्यांत 21 फूट पावणेसहा इंच गाठले होते, म्हणजे साडेसहा मीटरच्या वर. गावच्या मुख्य रस्त्यावर त्या त्या वर्षीच्या विजेत्या बेडकांच्या पाट्या फुटपाथमध्येच बसवल्या आहेत. लोक खाली बघत बघत चालतात.

या सगळ्याचं मूळ मार्क ट्वेनच्या 1865 सालच्या गोष्टीत आहे. उडी मारणाऱ्या बेडकावर पैज लागते आणि कुणीतरी त्या बेडकाच्या पोटात छर्रे भरून ठेवतो, अशी ती गोष्ट. सोन्याच्या खाणींच्या या मुलखात असताना ती ट्वेनच्या कानावर आली होती. पुढे 1928 मध्ये गावचा मुख्य रस्ता पक्का झाला, त्या आनंदात गोष्टीतली शर्यत खरोखर भरवली गेली आणि तिची प्रथाच पडली.

मला जे भावलं ते असं. पन्नाशीचा एक जॉकी ओल्या गोणपाटातून बेडूक काढत होता. त्याने पुढच्या पायांखाली धरून बेडूक उभा लोंबता ठेवला, मागचे पाय पूर्ण सुटेपर्यंत वाट पाहिली, तळवे चकतीला एकदा टेकवून परत उचलले, मग हलकेच खाली ठेवला. बेडकाच्या गळ्याची कातडी भराभर हलत होती. जॉकी एक पाऊल मागे सरला आणि आरोळी ठोकून पालथा झेपावला. त्याची छाती फळीवर आपटायच्या आत बेडूक हवेत होता. तीन उड्या झाल्याबरोबर दुसऱ्या एकाने त्याला ओंजळीत घेतलं आणि तो परत गोणपाटात गेला. हे सगळं अर्ध्या मिनिटाच्या आत झालं.

त्यानंतर एक लहान मुलगी आली. ज्यांच्याकडे स्वतःचा बेडूक नसतो त्यांना तिथे भाड्याने मिळतो, तिचा तसाच होता. तो ढिम्म बसून राहिला. तिने ओरडून पाहिलं, मांडीवर हात आपटले, लोकांनी गिल्ला केला, तरी तो हलला नाही. मग तिने दोन्ही हातांनी त्याला उचललं आणि परत नेलं, बस. ज्या बेडकाला उडायचं नसतं त्याला कुणी टोचत नाही, चिमटा काढत नाही.

कायदा काय म्हणतो तेही पाहा. कॅलिफोर्नियाच्या मासेमारी-शिकार कायद्यात बेडूकउड्यांच्या शर्यतीवर स्वतंत्र कलमं आहेत. शर्यतीसाठी बेडूक धरायला परवाना लागत नाही. पण त्याला गंभीर इजा होऊ शकेल अशा साधनाने धरला, तर तो शर्यतीसाठी धरलाच नव्हता असं कायदा गृहीत धरतो. तो जगेल अशा रीतीने ठेवला नाही, तर सवलत गेली. आणि मेला तर लवकरात लवकर त्याची विल्हेवाट लावायची. तो खायचा नाही, कशालाही वापरायचा नाही. मेलेल्या बेडकाचा कुणाला फायदाच होणार नाही याची तजवीज कायद्यानेच करून ठेवली आहे. प्राण्यांच्या खेळावर इतका नेमका विचार मी दुसरीकडे वाचलेला नाही.

या जॉकींना बेडूक कळतो याचा पुरावाही आहे. या शर्यतीत उतरतो तो बुलफ्रॉग जातीचा मोठा बेडूक. प्रयोगशाळेत मोजलेली त्याची सर्वात लांब उडी सुमारे 1.3 मीटर होती. ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी याच जत्रेत व्हिडिओ घेऊन 3,124 उड्या मोजल्या आणि 2013 मध्ये निष्कर्ष छापले. निम्म्याहून जास्त, 58 टक्के उड्या त्या आकड्याच्या पुढे होत्या आणि सर्वात लांब एकच उडी 2.2 मीटर भरली. बेडूक किती ऊबेत ठेवावा, कसा धरावा, कसा सोडावा हे या कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. शास्त्रज्ञ त्यांच्याकडून शिकून गेले. हाल करणाऱ्या माणसाला प्राण्याचं इतकं मर्म कळत नाही.

रानवाटा

तळ्याकाठी, तुम्ही दिलेले दोन्ही दाखले तुमच्याच विरुद्ध जातात.

प्रयोगशाळेतला बेडूक 1.3 मीटर उडतो आणि जत्रेतला 2.2 मीटर. हा फरक ऊबेने थोडा पडेल, पण बाकीचा कशाने? मागून सत्तर-ऐंशी किलोचं धूड आरोळी ठोकत अंगावर येतं म्हणून. आपण खाल्ले जाणार, एवढंच त्या बेडकाला कळतं. साप किंवा बगळा मागे लागल्यावर जे बळ त्याने जिवासाठी राखून ठेवलेलं असतं, ते इथे करमणुकीसाठी पिळून काढलं जातं. संशोधकांनी मोजला तो या भीतीचा परिणाम. जॉकीच्या प्रेमाचं ते प्रमाणपत्र नव्हे.

आणि त्या मुलीचा बेडूक. ‘त्याला उडायचं नव्हतं’ हे तुम्ही कशावरून ठरवलंत? घाबरलेला प्राणी पळतो तसाच थिजतोही. ससा थिजतो, तितर थिजतो, बेडूक तर थिजण्यात पटाईत, कारण हललं नाही की भक्ष्य दिसत नाही. तुम्हाला जो निवांत वाटला तो कदाचित सगळ्यात जास्त भेदरलेला असेल.

हात लावायचा नाही हा नियमही बेडकाच्या सोयीसाठी नाही. ढकलून कुणी अंतर वाढवू नये म्हणून तो आहे.

शिराळकर

मी बत्तीस शिराळ्याचा, सांगली जिल्हा. हा धागा वाचताना हात शिवशिवले, म्हणून लिहितो.

आमच्याकडे नागपंचमीला जिवंत नागाची पूजा होती आणि नागांची स्पर्धाही होती, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. पंचमीच्या आधी काही दिवस प्रत्येक मंडळाची पोरं रानात जायची. बिळाच्या तोंडाशी घासलेली माती बघून नाग आत आहे का, कुठून गेला, हे म्हातारी माणसं सांगायची. बीळ हळूहळू उकरायचं, घाई केली तर फावडं नागाला लागतं. धरलेला नाग मडक्यात, तोंडाला फडकं, मडकं घरातल्या गार कोपऱ्यात. पंचमीला अंबामातेला नेऊन मग मिरवणूक, आणि कुणाचा नाग लांब, कुणाचा फणा उंच यावर बक्षिसं. नागापुढे खडे भरलेलं लोटकं हलवलं की तो फणा काढून डोलायचा. आमच्या मंडळात दात पाडणं, तोंड शिवणं असलं काही नव्हतं, ते गारुड्यांचे उद्योग. दुसऱ्या दिवशी जिथला नाग तिथे सोडायचा. ज्याने धरला त्यानेच सोडायचा, हा कुणी न लिहिलेला कायदा होता.

2002 मध्ये उच्च न्यायालयाचा आदेश झाला आणि पुढे टप्प्याटप्प्याने सगळं थांबलं. आता मूर्ती पुजतात. 2025 मध्ये केंद्राने शिक्षणासाठी म्हणून 21 नाग धरायला परवानगी दिली, पण स्पर्धा, मिरवणूक काही नाही.

तेव्हा माझा प्रश्न सरळ आहे. एंजल्स कॅम्पच्या लोकांना बेडूक कळतो म्हणून त्यांच्यासाठी कायद्यात कलमं. आमच्या म्हाताऱ्यांना नाग कळत होता, त्यांना काय मिळालं? वन खात्याची गाडी आणि घरझडती. तळ्याकाठी, तुमचं म्हणणं मला सगळं मान्य आहे. पण मग माप एकच लावा.

उभयचर

मी सिएरा नेवाडात बेडकांच्या पाहणीचं काम करते, त्यामुळे या जत्रेशी माझा संबंध येतो. बेडूक किती घाबरतो यावर सगळे बोलताय आणि त्याहून मोठी गोष्ट बाजूला पडते आहे.

ज्या बेडकावर ही शर्यत चालते तो बुलफ्रॉग कॅलिफोर्नियाचा नाहीच. तो मूळचा रॉकी पर्वताच्या पूर्वेकडचा. इथला स्वतःचा मोठा बेडूक म्हणजे लाल पायांचा, कॅलिफोर्निया रेड-लेग्ड. ट्वेनच्या गोष्टीतला बेडूक तोच असावा, असं इथले जाणकार मानतात. सोन्यासाठी माणसांची झुंबड उडाली तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या खाणावळींनी त्याच्या तंगड्यांचा फडशा पाडला. तो मिळेनासा झाला तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मागणी भागवायला बुलफ्रॉग आणून तळ्यांत सोडले. बुलफ्रॉग तोंडात मावेल ते खातो: मासे, पिल्लं, दुसरे बेडूक. लाल पायांच्या बेडकाचे त्याने उरलेसुरले दिवस भरवले. 1996 मध्ये केंद्र सरकारने लाल पायांचा बेडूक संकटग्रस्त ठरवला आणि 2014 मध्ये कॅलिफोर्नियाने त्याला राज्याचा उभयचर प्राणी म्हणून मान दिला. गोष्ट ज्याच्यावर लिहिली तो दिसेनासा झाला आणि त्याला खाऊन माजलेल्याच्या पाट्या फुटपाथवर बसल्या. हे मला दर मे महिन्यात बोचतं.

दुसरं म्हणजे बुरशी. कायट्रिड नावाची बुरशी बेडकांच्या कातडीवर वाढते. बेडूक कातडीतून पाणी आणि क्षार घेतो. बुरशीने कातडी निबर झाली की क्षारांचा तोल जातो आणि हृदय थांबतं. सिएराच्या उंचावरच्या तळ्यांतले पिवळ्या पायांचे बेडूक तिने एकामागून एका तळ्यात मारून टाकले. बुलफ्रॉगला मात्र ती लागते आणि बहुधा काही होत नाही. तो ती घेऊन हिंडतो. आता विचार करा: वेगवेगळ्या काउंट्यांतल्या तळ्यांतून शेकडो बेडूक एका मैदानात येतात, ओल्या गोणपाटांत राहतात, एकाच मंचावर उड्या मारतात आणि नंतर परत कुठल्या ना कुठल्या पाण्यात जातात. गोणपाट पिळलेलं पाणीसुद्धा कुठेतरी ओघळतंच.

तळ्याकाठींना जे कलम इतकं आवडलं ते 1957 चं आहे. तेव्हा या बुरशीचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं, 1999 मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन झालं. आणि त्याच प्रकरणात असंही लिहून ठेवलंय की राज्याच्या मासेमारी-शिकार आयोगाला ही कलमं कुठल्याही नियमाने बदलता येणार नाहीत. म्हणजे ज्यांनी लक्ष घालायचं त्यांचेच हात बांधलेले.

माझा विरोध आहे तो एवढ्यासाठी. बेडूक ओरडण्याने मरत नाही. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात नेल्याने मात्र दुसरे बेडूक मरू शकतात.

मांडवीकाठ

गोव्याहून लिहितो. आमच्याकडे पहिला दणदणीत पाऊस झाला की रात्री शेतात बॅटऱ्या फिरताना दिसतात. बेडूक विणीसाठी बाहेर येतात आणि डोळ्यावर झोत पडला की जागचे हलत नाहीत. हातानेच पोत्यात भरतात. मागच्या तंगड्या ‘जंपिंग चिकन’ म्हणून हॉटेलांत जातात, मागच्या दाराने, कारण 1972 च्या वन्यजीव कायद्याने ते गुन्हा आहे. एके काळी हा देश बेडकाच्या तंगड्या परदेशी पाठवण्यात पुढे होता. 1987 मध्ये निर्यात बंद झाली, कारण शेतातले किडे खाणारं कुणी उरेना.

हे पाहत वाढलेल्या माणसाला एंजल्स कॅम्पबद्दल राग येणं अवघड आहे. अर्धं मिनिट घाबरून तो बेडूक गोणपाटात परत जातो. आमचा जिवंतपणी कापला जातो. ज्या राज्यात पूर्वी बेडूक खाऊन संपवले तिथेच आता ‘शर्यतीतला बेडूक मेला तरी खायचा नाही’ असा कायदा आहे, हे मला मोठं वाटतं.

रानवाटा

मांडवीकाठ, गोव्यात वाईट घडतं म्हणून कॅलिफोर्नियातलं चांगलं ठरत नाही. या न्यायाने जगातल्या सगळ्यात क्रूर गोष्टीखेरीज कशालाच बोलता येणार नाही. तुमच्याकडच्या पोत्यांविरुद्ध मी तुमच्या आधी सही करेन.

घाटातला

आमच्या घरी तीन पिढ्या बैलगाडा आहे, पुणे जिल्हा. तेव्हा प्राण्यांच्या शर्यतीला मी विरोध करणार नाही हे उघड आहे. तरीही ही बेडूकउडी मला पटत नाही.

बैल घरचा असतो. वासरू असल्यापासून हातावर वाढलेला, माणसाचा आवाज ओळखणारा. घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बारी (धावायची पाळी) लागली की तो आपणहून अंगात येतो. झेंडा पडायच्या आधी त्याला आवरावं लागतं, हे बघितलेल्या माणसाला सांगायला नको. बारी झाली की तो गोठ्यात आपल्या जागी जाऊन रवंथ करत बसतो. 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली तेव्हा आम्हीही निकाल वाचला. बॅटरीचा शॉक, शेपटी चावणं, खिळे असले प्रकार काही लोक करत होते, हे नाकारत नाही. 2021 च्या डिसेंबरात अटींवर परवानगी मिळाली आणि 2023 च्या मे महिन्यात घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. आता काठीसुद्धा चालत नाही, आणि ते योग्यच झालं.

बेडकाचं काय? परवा तळ्यात होता, आज मंचावर आहे, उद्या कुठे माहीत नाही. त्याचा कुणी धनी नाही. ज्याचा धनी नाही त्याच्या शर्यतीची जबाबदारी कोण घेणार? कायद्याचं कलम घेत नसतं, माणूस घेतो.

शिराळकर

घाटातला भाऊ, धनी असला की मारायचा हक्क मिळतो आणि धनी नसला की पूजेचाही मिळत नाही, असं झालं हे. शॉक देणारे धनीच होते ना? बैलाला पळून जायला वाव नाही, तो जुंपलेला असतो. आमचा नाग दुसऱ्या दिवशी मोकळा व्हायचा. बैल कधी मोकळा होतो?

घाटातला

मोकळा होऊन जाईल कुठे? माणसाशिवाय बैल जगत नाही. आणि बंदीच्या काळात शर्यतीचे खोंड कुठे गेले ते बाजारात जाऊन विचारा. ज्याला शर्यत नाही त्याला आज शेतातही काम नाही, ट्रॅक्टर आलेत. कोवळं खोंड वीस वर्षं कोण पोसतं? आम्ही पोसतो, शर्यत आहे म्हणून पोसतो. बेडकाला तुमची शर्यत जगवत नाही, तो तिच्याशिवाय मजेत होता. मला फरक दिसतो तो इथे.

दुपारची शाळा

मी मुलांना शिकवते, म्हणून मुलांकडून बघते. माझ्या पिढीने जीवशास्त्राच्या तासाला बेडूक चिरला. मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी चारही पाय ठोकलेला, हृदय चालू असलेला. आम्हाला त्यातून बेडूक कळला का? मला तर नंतर अनेक वर्षं बेडकाकडे बघवत नव्हतं.

ती भाड्याचा बेडूक घेतलेली मुलगी मला म्हणून महत्त्वाची वाटते. बेडूक धरण्याआधी हात ओले करायचे, कोरड्या हाताने त्याच्या कातडीला त्रास होतो, हे तिला कुणीतरी सांगितलं असेल. तो उडाला नाही तर रागवायचं नाही, उचलून परत न्यायचं, हे ती शिकली. फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या माझ्या वर्गातल्या मुलांनी बेडूक फक्त पुस्तकात पाहिलाय. ज्याला कधी हात लावला नाही त्याच्यासाठी पुढे जाऊन कुणी भांडेल, याची मला खात्री वाटत नाही. उभयचर ताई, तुम्ही लहानपणी एकही बेडूक धरला नव्हता का?

उभयचर

धरले होते, पुष्कळ. पावसाळ्यात आजोळच्या विहिरीपाशी. आणि तिथेच सोडले होते, चार पावलांवर. माझा सगळा मुद्दा त्या चार पावलांचा आहे.

मुलांनी बेडूक धरावा, जरूर धरावा. पण मोठ्यांच्या संघांचं वेगळं असतं. ते बेडूक धरायला रात्री दूरदूरच्या तळ्यांवर जातात, जास्तीत जास्त मोठे आणि दणकट निवडतात. माझ्या हातात असतं तर तीन गोष्टी करायला लावल्या असत्या. बेडूक एकाच पाणलोटातून धरायचे. गोणपाटं आणि डबे जत्रेच्या मैदानावरच निर्जंतुक करून कडकडीत वाळवायचे, बुरशीला कोरडेपणा सोसत नाही. आणि बुलफ्रॉग परत पाण्यात सोडायचेच नाहीत.

मांडवीकाठ

सोडायचे नाहीत, म्हणजे मारायचे?

उभयचर

हो. वेदना न देता मारायचे, किंवा जत्रेनेच बंदिस्त तळ्यात कायमचे सांभाळायचे आणि दर वर्षी तेच वापरायचे. सांभाळायला खर्च येईल, पण शर्यतीवर ज्यांचं प्रेम आहे त्यांनी तो करावा. हे वाचायला कठोर वाटेल. एका बुलफ्रॉगच्या पोटात काय काय सापडतं ते मी टेबलावर उघडून पाहिलेलं आहे, लाल पायांच्या बेडकाच्या पिल्लांसकट. त्यामुळे मला निवड करावी लागते आणि मी ती करते.

रानवाटा

धागा कुठून कुठे आला पाहा. बेडकाला घाबरवू नये म्हणून मी बोलत होतो आणि आता त्याला मारावं असं ठरतंय. बुलफ्रॉग इथे स्वतःहून पोहत आला नाही, माणसाने खायला आणला. आणणारे गेले, शिक्षा याला. पाणलोटाची अट, गोणपाटं वाळवणं, बंदिस्त तळं, सगळं मान्य. मारणं मान्य नाही, आणि मंचावर अंगावर धावून जाणंही नाही. उडी बघायची असेल तर चकतीवर ठेवा आणि त्याच्या मनाने उडेपर्यंत थांबा. एक मीटर उडाला तर एक मीटर. लोकांना कंटाळा येईल म्हणता? मग लोक बेडूक बघायला आले नव्हते असं समजायचं.

तळ्याकाठी

सगळ्यांना एकत्र उत्तर देतो.

रानवाटा, भीती असते हे मी नाकारत नाही. तळ्यात राहणाऱ्या बेडकाच्या अंगावर रोज कुणी ना कुणी धावून येतं, बगळा, रॅकून, साप, आणि उडी मारून निसटणं ही त्याच्या देहाची घडणच आहे. मंचावर त्याची ती घडण पणाला लागते आणि तो दर वेळी जिंकतो, कारण जॉकी त्याला धरायला झेप घेतच नाही. शंभर वेळा घाबरवलं तर तो छळ होईल. तीन उड्यांपुरतं घाबरवणं मला छळ वाटत नाही. तिथे आपलं जमणार नाही, आणि ते ठीक आहे.

उभयचर, तुमच्या तीनही अटी मला योग्य वाटतात आणि बंदिस्त तळ्याची सर्वात जास्त. त्यासाठी 1957 ची कलमं बदलावी लागली तर बदलावीत. हे मत मी जत्रेच्या समितीला लिहून कळवणार आहे. शर्यत टिकायची असेल तर ती बाकीच्या बेडकांच्या जिवावर टिकता कामा नये. पण शर्यत बंद केल्याने एकही बुलफ्रॉग कमी होणार नाही, हेही तितकंच खरं. उलट वर्षातून एकदा हजारो माणसं बेडकाकडे टक लावून बघतात ती जागा जाईल. लाल पायांच्या बेडकाची गोष्ट सांगायला त्या मैदानाइतकी चांगली जागा मला दिसत नाही. पहिली पाटी त्याची लावा, असंही लिहीन.

घाटातला, जबाबदारी माणूस घेतो हे पटलं. तिथे ती घेणारी कुटुंबं मी पाहिली, तुम्ही पाहिली नाहीत, एवढाच फरक.

शिराळकर

माझ्या प्रश्नाला बगल दिलीत. अटी घालून बेडूक चालत असेल तर अटी घालून नाग का नाही? धरणाऱ्यांची नोंद, मोजके नाग, वन खात्याचा माणूस हजर, डॉक्टर हजर, जिथला तिथे सोडल्याची खूण. असा अर्ज आमच्या गावाने केला तर तुम्ही सही कराल?

तळ्याकाठी

नाही करणार. बगल देत नाही, कारणं सांगतो. नाग इथला आहे आणि रानात त्याची जागा दुसरं कुणी घेत नाही. तो मडक्यात काही दिवस राहतो, बेडूक गोणपाटात काही तास. ढोल, डीजे, गर्दीत त्याला फणा काढायला लावतात, तेही पुन्हा पुन्हा, मिरवणूक संपेपर्यंत. आणि चूक झाली तर चावा पोराला बसतो. शिराळ्याच्या म्हाताऱ्यांना जे कळत होतं त्याबद्दल मला आदर आहे. बिळाच्या तोंडाची माती वाचणं पुढच्या पिढीला शिकवायला 21 नागांची परवानगी मिळाली, ती मला योग्य वाटते. स्पर्धेला मात्र नाही.

शिराळकर

काही दिवस आणि काही तास यात तुम्ही रेघ ओढलीत. चला, निदान कुठे ओढली ते सांगितलंत. पण ‘पुन्हा पुन्हा फणा काढायला लावतात’ म्हणता तसा बेडूकही पात्रता फेरीत उडतो आणि रविवारी अंतिम फेरीत परत उडतो, मधले दिवस तोही गोणपाटातच असतो. मग तास कुठले? त्याचेही दिवसच झाले. डीजेचं म्हणाल तर तो आमच्या म्हाताऱ्यांनी आणला नव्हता, हलगी होती, आणि डीजे बंद करा हे आम्हीच आधी सांगत होतो. मडक्याचे दिवस कमी करायला आमचं गाव तयार होईल, मी बोलून बघतो. तुम्ही त्या समितीला लिहिणार आहात ना, त्यात हेही विचारा: अंतिम फेरीचा बेडूक मधले दिवस कुठे ठेवतात, किती वेळा उडवतात. उत्तर आलं की इथेच टाका.